श्वासाची आठवण कोण ठेवतं?

गेल्या महिन्यात आमचा मजकूर संपादकांकडे चार दिवस उशिरा पोहोचला, त्याचं कारण आधी सांगून टाकतो. त्या दिवसांत शाळा सुटली की आम्ही घरी न जाता थेट दवाखाना गाठत होतो. आमच्या भाचीला तिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या आणि मुलगी झाली. वजन १३०० ग्रॅम. आपांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बहिणीने, नातीसाठी शिवलेली झबली तशीच पिशवीत राहिली. त्यातल्या एकाच झबल्यात अशा दोन मुली मावल्या असत्या. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. नाकात नळी, पायाला लाल दिव्याची पट्टी, छातीवर तीन तारा, आणि डोक्याशी एक पडदा, ज्यावर हिरव्या-निळ्या रेघा सरकत होत्या.

तिसऱ्या रात्री सिस्टरांनी आम्हांलाही भाचीबरोबर दहा मिनिटं आत येऊ दिलं. आम्ही पेटीजवळ उभे असतानाच घंटी वाजू लागली. निळी रेघ सपाट झाली होती. बाळाची छाती हलत नव्हती. आमच्या तोंडून आवाज फुटेना. सिस्टर मात्र न धावता आल्या, पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला आणि बाळाच्या तळपायावर बोटाने दोनदा टिचकी मारली. बाळाने अंग आखडलं, तोंड वाकडं केलं आणि छाती पुन्हा वरखाली होऊ लागली. सिस्टरांनी वहीत वेळ लिहिली आणि त्या दुसऱ्या पेटीकडे वळल्या. सगळं मिळून अर्धं मिनिटही झालं नसेल.

भाचीने आमचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "खाला, बच्ची सांस लेना भूल जाती क्या?"

आम्ही शिकवतो उर्दू आणि मराठी. विज्ञानाचे सर रजेवर असले की बदली तास आमच्या वाट्याला येतो, तेवढाच आमचा विज्ञानाशी संबंध. त्या प्रश्नाचं उत्तर आमच्याजवळ नव्हतं. पुढच्या पाच-सहा आठवड्यांत बाळाच्या डॉक्टरांना विचारून, विज्ञानाच्या सरांच्या मागे लागून आणि पुस्तकं चाळून जे हाती लागलं, ते वाचकांपुढे ठेवतो. घरात तान्हं मूल असलेल्या आणि पोहायला जाणारी मुलं असलेल्या वाचकांनी तरी पूर्ण वाचावं, एवढी विनंती.

बदली तासाला आम्ही आठवीच्या वर्गात तोच प्रश्न टाकला. काल रात्री झोपल्यावर तुमच्यापैकी कोणी श्वास घ्यायचं लक्षात ठेवलं होतं? वर्ग हसला. मग हिशेब करायला लावला. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १५ श्वास घेतो. तासाला ९००, दिवसरात्रीत २१,६००. नमाजाला जातो, भाजी निवडतो, भांडतो, झोपतो, पण हा आकडा चुकत नाही. एका मुलीने विचारलं, "मॅडम, हृदयासारखंच ना?" प्रश्न चांगला होता, पण उत्तर 'नाही' असं आहे. हृदयाचा ठेका हृदयातच तयार होतो. त्याला जाणाऱ्या सगळ्या चेता तोडल्या तरी ते आपल्या गतीने धडधडत राहतं. फुफ्फुसाचं तसं नाही. फुफ्फुसाला स्वतः फुगता येत नाही. खालचं श्वासपटल खाली सरकतं, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीतली जागा वाढते आणि हवा आत येते. आणि या स्नायूंना प्रत्येक वेळी वरून हुकूम यावा लागतो. हुकूम थांबला की श्वास थांबला. आमच्या भाचीची मुलगी नेमकी इथे अडकत होती. फुफ्फुसं हळूहळू सुधारत होती, पण वरून येणारा हुकूम मध्येच चुकत होता.

हे 'वरून' म्हणजे कुठून?

मानेच्या मागे जिथे कवटी संपते, तिथला खळगा बोटाने चाचपा. त्याच्या आत, मेंदूचा देठ मेरुरज्जूला मिळतो तिथे, शाळेच्या पुस्तकात ज्याला मस्तिष्कपुच्छ म्हटलंय तो भाग आहे. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर. विचार, आठवणी, पाढे, शेरोशायरी हे सगळं वरच्या मोठ्या मेंदूचं काम. श्वासाचा कारभार या देठात चालतो. तिथून निघालेला हुकूम मेरुरज्जूतून मानेपर्यंत उतरतो, मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या चेतांमधून बाहेर पडतो आणि श्वासपटलापर्यंत पोहोचतो. म्हणून झाडावरून किंवा मोटारसायकलवरून पडून मान वरच्या बाजूला मोडली, तर हृदय चालू असूनही श्वास बंद पडतो. अशा माणसाला हातपाय धरून उचलून रिक्षात कोंबू नये, मान हलू देऊ नये, असं जे सांगतात त्यामागे हेच आहे.

उर्दू वाचणाऱ्यांना हकीम जालीनूस हे नाव नवं नाही. युरोपात त्यांना गॅलन म्हणतात. दुसऱ्या शतकात ते पर्गामम शहरात ग्लॅडिएटरांचे, म्हणजे आखाड्यात शस्त्रांनी लढणाऱ्या मल्लांचे वैद्य होते. मणक्याची जखम किती उंचावर आहे यावर माणसाचे फक्त पाय जातात की श्वासही जातो, हे त्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं. पण हुकूम नेमका कुठून निघतो हे कळायला पुढे सोळाशे वर्षं लागली. सेझार लेगॅल्वा नावाच्या फ्रेंच वैद्यांनी १८१२ साली आपले प्रयोग पुस्तकरूपाने छापले. त्यांचा मूळ प्रश्न बाळंतपणातलाच होता. आईशी नातं तुटल्यावर, पहिला श्वास घेण्याआधी, बाळ किती वेळ तग धरतं? त्याचा माग काढत ते सशांच्या मेंदूपर्यंत गेले. पुढून मागे एकेक काप काढत गेले, तरी ससा श्वास घेत राहिला. मोठा मेंदू गेला, लहान मेंदू गेला, श्वास चालूच. मस्तिष्कपुच्छातल्या एका लहानशा जागेपर्यंत सुरी पोहोचली आणि श्वास तिथेच थांबला. वाचताना आमचा जीव सशासाठी कळवळला, हे खरं. पण आज पेटीतल्या बाळाला जे उपचार मिळतात त्यांची सुरुवात इथून आहे, हेही नाकारता येत नाही.

त्या जागेतही ठेका धरणारं नेमकं केंद्र सापडलं ते १९९१ साली. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात उंदराच्या मेंदूच्या देठाची मिलिमीटरपेक्षाही पातळ चकती कापली आणि ती योग्य द्रवात जिवंत ठेवली. उंदीर नाही, फुफ्फुस नाही, हवा नाही, आणि तरीही त्या चकतीतून श्वासाच्या तालाचे विजेचे झटके येत राहिले. थांबायचे, यायचे, थांबायचे, यायचे. उंदरात या केंद्रात जेमतेम काही हजार चेतापेशी आहेत. या पेशी आपापसात एकमेकींना उठवतात, भराभर संदेश सोडतात, थकून गप्प होतात आणि पुन्हा उठतात. त्यांतली एखादी पेशी जणू मुकादमासारखी आधी सुरुवात करते, की सगळ्या मिळून गलक्यातून ताल जमवतात, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. आम्हांला दुसरी बाजू पटते. आमच्या वर्गातही कवितेला चाल कोण आधी लावतं हे आम्हांला कधी सापडलेलं नाही.

या केंद्राचं नाव आहे प्री-बोट्झिंगर. शेजारच्या भागाला आधी बोट्झिंगर नाव मिळालं होतं. हा भाग त्याच्या लगत, त्यावरूनच याचं नाव पडलं. आणि ते मूळ नाव? जर्मनीत भरलेल्या एका परिषदेत जेवणाच्या टेबलावर दारूची बाटली होती, तिच्यावरच्या लेबलातून फेल्डमन यांनी ते उचललं. आमच्या घरी ही गोष्ट सांगितल्यावर अम्मी म्हणाल्या, "बाटली हराम, नाम तो हराम नहीं." विषय तिथेच मिटला.

याच केंद्राचं आणखी एक काम ऐकून भाषेच्या शिक्षकाला हसू आवरत नाही. माणूस दर पाच मिनिटांनी एकदा, स्वतःच्या नकळत, नेहमीच्या दुप्पट मोठा श्वास घेतो. मराठीत उसासा, उर्दूत आह. आमच्या शायरांनी या एका आहेवर दीवानच्या दीवान भरले. प्रत्यक्षात फुफ्फुसातले लाखो वायुकोश अधूनमधून मिटून चिकटतात, ते उघडायला हा मोठा श्वास लागतो. उसाशाचा हुकूम देणाऱ्या मूठभर पेशी २०१६ साली उंदरांत सापडल्या. मेंदूच्या देठातल्या एका लहानशा गटाकडून प्री-बोट्झिंगरला निरोप जातो आणि साध्या श्वासाचा उसासा होतो. विरहाच्या दुःखाने उसासे वाढतात हे खरंच आहे, पण प्रेमात न पडलेला माणूसही तासाला डझनभर आहा भरतोच.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. श्वास कधी वाढवायचा आणि कधी कमी करायचा, हे या देठाला कळतं कशावरून? आम्हांला वाटायचं, प्राणवायू कमी झाला की गुदमरतं. बहुतेकांना तसंच वाटतं. पण रोजच्या कारभारात हा देठ पाहतो तो कार्बन डायऑक्साइड. जॉन हॉल्डेन हे स्कॉटिश शास्त्रज्ञ स्वतः बंद पेटीत बसून आपलीच उच्छ्वासाची हवा पुन्हा पुन्हा घेत. कार्बन डायऑक्साइड साठत गेला की त्यांना जोराची धाप लागे. तोच वायू रसायनाने शोषून घेतला, तर प्राणवायू घटत असूनही तशी धाप लागत नसे. १९०५ साली त्यांनी आणि प्रीस्टली यांनी मिळून हे मांडलं. श्वासाची रोजची मोजमापं कार्बन डायऑक्साइडवर चालतात. तो रक्तात जरा वाढला की रक्ताचा आम्लपणा वाढतो, देठाच्या पुढच्या पृष्ठभागाजवळच्या पेशी तो ओळखतात आणि हुकूम वाढवतात. प्राणवायूवर लक्ष ठेवणारे पहारेकरीही आहेत, ते गळ्यातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या फाट्यावर बसलेले असतात. त्यांच्या कामासाठी कॉर्नेय हेमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. पण हे पहारेकरी खरे ओरडतात ते प्राणवायू बराच खाली गेल्यावर.

हे वाचलं आणि आम्हांला आमच्या माहेरच्या गावातली विहीर आठवली.

आमच्या लहानपणी तिथे मुलं बुडी मारून तळाची माती वर आणायची पैज लावत. पोहण्यात सगळ्यांत तरबेज असलेला एक मुलगा एका मे महिन्यात खाली गेला तो वर आलाच नाही. हातपाय मारल्याचं कोणी पाहिलं नाही, बुडबुडे नाहीत, हाक नाही. पट्टीचा पोहणारा बुडाला कसा, याला उत्तर नव्हतं, म्हणून गाव म्हणालं की विहिरीनेच ओढला. बुडी मारण्याआधी काठावर उभं राहून भराभर वीस-पंचवीस श्वास घ्यायची त्या मुलांची पद्धत होती. असं केलं की जास्त वेळ दम टिकतो, असं ते सांगत.

टिकतो, हे खरं आहे. आणि धोका तिथेच आहे. निरोगी माणसाच्या रक्तातला प्राणवायू आधीच जवळजवळ भरलेला असतो. भराभर श्वास घेऊन त्यात फारशी भर पडत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे डबा तेवढाच भरलेला, फक्त डबा रिकामा होत आल्याची घंटी काढून ठेवली. पाण्याखाली मुलगा प्राणवायू खर्च करत जातो, पण देठाला पुरेसा कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, म्हणून गुदमरल्यासारखं वाटतच नाही. घंटी वाजायच्या आधीच प्राणवायू संपतो आणि शुद्ध हरपते. जमिनीवर दम रोखून बेशुद्ध पडलं, तर देठ ताबडतोब कारभार हातात घेतो आणि श्वास सुरू होतो. पाण्याखालीही तो तेच करतो, पण तिथे आत येतं ते पाणी.

आमच्या वर्गातल्या एका मुलाने मध्यंतरी हीच युक्ती नदीवर जमल्याचं फुशारकीने सांगितलं होतं, तेव्हा आम्ही नुसतं रागावलो होतो. रागावून मुलं ऐकत नाहीत. परवा त्याला फळ्यावर आकृती काढून समजावलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, "मग घंटी वाजत नाही म्हणजे चांगलं नाही ना मॅडम?" ज्यांची मुलं सुट्टीत विहिरीवर, धरणावर किंवा पोहण्याच्या तलावावर जातात, त्यांनी एवढं जरूर सांगावं. बुडीआधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत आणि दम रोखण्याची पैज पाण्यात लावायची नाही.

परत काचेच्या पेटीकडे येतो.

डॉक्टर तरुण होते, पण समजावण्याची हातोटी होती. ते म्हणाले, बाळ श्वास घ्यायला विसरत नाही, तिचं श्वासाचं केंद्र अजून कच्चं आहे. मूल पोटात असतानाच श्वासाचा सराव करतं. तिथे हवा नसते, पाणीच असतं, तरी छाती हलत असते आणि सोनोग्राफीत ते दिसतं. पण हा सराव सलग नसतो. मध्ये लांब विसावे असतात आणि त्याने काही बिघडत नाही, कारण प्राणवायू नाळेतून येतच असतो. उलट पोटात प्राणवायू कमी पडला तर बाळ हालचाल थांबवून तो वाचवतं. अडीच महिने आधी बाहेर आलेल्या बाळाचा देठ पोटातलेच नियम पाळत असतो. विसावा घेतो, मग प्राणवायू घटतो, घटला की जोर लावायचं सोडून आणखी मंदावतो. कार्बन डायऑक्साइड वाढल्याची घंटीही या वयात दबक्या आवाजात वाजते. वीस सेकंदांपेक्षा जास्त थांबा, किंवा कमी वेळ असला तरी हृदय मंदावणं आणि रंग उतरणं, याला डॉक्टर गंभीर मानतात. तळपायावरची टिचकी म्हणजे झोपलेल्या पहारेकऱ्याला हलवून उठवणं. साधारण छत्तीस-सदतीस आठवडे भरेपर्यंत बहुतेक बाळांचा देठ पिकतो आणि हे थांबे जातात.

तोवर दिलेलं औषध ऐकून आपा चकित झाल्या. कॅफीन! चहा-कॉफीतलं. मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन पेशींना 'जरा सबुरीने' म्हणत असतं. कॅफीन त्याच्या जागेवर जाऊन बसतं, त्यामुळे कच्चं केंद्र जागं राहतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ५०० ते १२५० ग्रॅम वजनाची २००६ बाळं होती. ज्यांना कॅफीन मिळालं, त्यांचा यंत्राने हवा देण्याचा आधार सुमारे आठवडाभर आधी सुटला. आपांनी लगेच विचारलं, "तो थोडी चायच पिलाओ ना?" डॉक्टर हसले, पण उत्तर हसण्यावारी नेलं नाही. पेटीतल्या बाळाचा डोस वजनावर, मिलिग्रॅममध्ये मोजलेला असतो आणि त्या वेळी हृदयाच्या रेघेवर नजर असते. घरी बाळाला चहाचा थेंबही चालत नाही.

भाचीला रोज काही तास बाळाला उघड्या छातीवर धरून बसायला सांगत. कांगारू पद्धत म्हणतात तिला. कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती सुरू झाली. दुल्हाभाईंनीही एक दिवस शर्टाची बटणं सोडून नातीला छातीवर घेतलं. आमच्या घरातल्या पुरुषाने दवाखान्यात असं बसणं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

छत्तीस आठवडे भरले. कॅफीन बंद केलं, त्यानंतरही काही दिवस ठेवून घेतलं, घंटी वाजली नाही, मग घरी सोडलं. आणि घरी आल्यावर दुसऱ्याच रात्री तो प्रसंग घडला, ज्यासाठी खरं तर आम्ही हा विषय निवडला.

बाळ रडत होतं. भाचीने दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. शेजारच्या दादीमा बघायला आल्या होत्या. मायेचं माणूस, आमच्या घरातली निम्मी मुलं त्यांच्या मांडीवर वाढली. त्यांनी कपाटावरची खोकल्याच्या औषधाची बाटली पाहिली, दुल्हाभाईंसाठी आणलेली, आणि म्हणाल्या, "आधा चमचा दे दो. चुपचाप सोती. माँ को बी आराम." भाचीने आमच्याकडे पाहिलं. थकलेल्या आईच्या नजरेत किती मोह असतो, ते त्या क्षणी दिसलं.

आम्ही बाटली उचलून वाचली. त्यात कोडीन होतं. कोडीन अफूच्या कुळातलं. यकृतात त्यातल्या काही भागाचं मॉर्फिन होतं, आणि काही जणांच्या शरीरात ते फार झपाट्याने होतं. कोणाच्या, हे वरून ओळखता येत नाही. ज्या प्री-बोट्झिंगर केंद्राबद्दल वर लिहिलं, त्याच्या पेशींवर अफूवर्गातल्या द्रव्यांना बसायला आयत्या जागा आहेत. द्रव्य बसलं की ठेका मंदावतो; कार्बन डायऑक्साइड वाढल्याची घंटीही दबते. जास्त झालं की माणूस झोपेतच श्वास थांबून जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊ नये असं स्पष्ट केलं. आणि इथे बाळ होतं आठवडाभरापूर्वी कॅफीनवर असलेलं! ज्या केंद्राला महिनाभर औषध देऊन जागं ठेवलं, त्यालाच घरी आणून झोपवायला निघालो होतो.

दादीमांना कसं सांगावं, हा पेच होता. तो अम्मींनी सोडवला. अम्मींच्या आईचं लहानपण मुंबईत मदनपुऱ्यात गेलं. त्या काळी गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना बाळागोळी देऊन जात. तिच्यात अफू असे. आई बारा तास साच्यावर, घरी सांभाळायला कोणी नाही. मूल रडू नये म्हणून गोळी. अम्मी म्हणाल्या, त्यांच्या आईच्या पाठचा भाऊ असाच झोपला तो उठला नाही, आणि घरात कोणी त्यावर कधी बोललं नाही. दादीमा बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनीच बाटलीचं झाकण घट्ट लावलं, ती आमच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मेरे को दो बच्ची. मैं बैठती रात भर." खरंच बसल्या.

हाच नियम झोपेच्या गोळ्यांना आणि मोठ्या माणसांच्या सर्दीच्या औषधांनाही लावा. तान्ह्या बाळाला डॉक्टरांनी त्याच्याच नावाने लिहून दिलेलं नसेल, तर झोप आणणारं काहीही देऊ नका. बाळाला पाठीवर झोपवा, पोटावर नाही, तोंडावर दुपटं घेऊ नका, उशी नको. रंग निळसर पडला, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा थांबा लांबला, तर दृष्ट काढत बसू नका, दवाखान्यात न्या.

एका वाचक भगिनीचं पत्र बरेच दिवस पडून आहे, त्याचं उत्तर इथेच बसतं. त्यांचा दीड वर्षांचा मुलगा हट्टाने रडता रडता श्वास रोखतो, निळा पडतो आणि क्षणभर बेशुद्ध होतो. घरचे तोंडावर पाणी मारतात, उलटं धरून हलवतात. तसं करू नका. त्याला कुशीवर जमिनीवर ठेवा आणि जवळ बसा. शुद्ध जाताच देठ कारभार हाती घेतो आणि श्वास आपोआप सुरू होतो. मात्र एकदा बाळाच्या डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातलं लोह तपासून घ्या. लोह कमी असलेल्या मुलांत हे जास्त दिसतं आणि औषधाने पुष्कळ कमी होतं.

त्या रात्री पहाटेपर्यंत आम्हीही दादीमांसोबत बसलो. भाची शेवटी झोपली. बाळ श्वास घेताना मध्येच सहा-सात सेकंद थांबायची, तेवढा वेळ आम्ही दोघीही आपला श्वास रोखून बसायचो, मग ती चार-पाच श्वास भराभर घ्यायची. इतके छोटे थांबे तान्ह्या मुलांत चालतात, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, तरी नजर हटत नव्हती. फजरच्या अजानच्या सुमारास आम्ही घड्याळ लावून एक मिनिट मोजलं. चव्वेचाळीस. दादीमा तसबीह बाजूला ठेवून म्हणाल्या, "मेरे में पैंतालीस आए." पुन्हा मोजायला लागलो, तर बाळाने एक लांब उसासा टाकला आणि मोजणी चुकली.